उशिरा सरकलेला खिळा

मित्रांनो, माझी गोष्ट सांगायची तर आधी माझे काम समजावून द्यावे लागते, कारण मला ओळखणारे लोक फार थोडे. हातोडा सगळ्यांना ठाऊक असतो. करवत ठाऊक असते. मी आहे गॅसवर चालणाऱ्या एका जुन्या नेलगनचा फीडर. नेलगन म्हणजे खिळे ठोकणारी बंदूक. तिच्या पोटात गॅसचा छोटासा भडका उडतो, दट्ट्या खाली येतो आणि खिळा एका दणक्यात लाकडात बसतो. तो दणका सगळ्यांना ऐकू येतो, म्हणून लोक दट्ट्याचे कौतुक करतात. पण प्रत्येक दणक्याआधी दट्ट्यापुढे एक नवा खिळा सरळ उभा करून ठेवतो कोण? मी.

माझी रचना साधी आहे. एक लांबट पन्हळ, तिच्यात ओळीने चिकटवलेल्या खिळ्यांची पट्टी, पट्टीमागे एक सरकणारा तुकडा आणि त्याला पुढे ओढणारी स्प्रिंग. एक खिळा गेला की मी दुसरा पुढे सारतो. या तुकड्याच्या अंगाला नखाएवढा एक पोलादी दात आहे. होता, असे म्हणायला हवे. पट्टीत शेवटचे पाच खिळे उरले की तो दात पुढे यायचा आणि बंदुकीच्या नाकाडाला अडवायचा. नाकाड लाकडावर दाबले गेल्याशिवाय बंदूक उडत नाही. म्हणजे माझा दात लागला की बंदूक गप्प. आधी खिळे भरा, मगच पुढे चला, एवढेच माझे म्हणणे असायचे.

ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली, तिथे एक बाई प्रत्येक फीडर अंगठ्याने तीनदा मागे ओढून सोडायची आणि कान देऊन ऐकायची. माझा दात तिने दोनदा जास्त तपासला. शेजारणीला म्हणाली, "हा बघ, काही केल्या हटत नाही. माझ्या सासूसारखा आहे." दोघी हसल्या. मला त्याचा अर्थ कळला नाही, पण आपण चांगले निघालो एवढे कळले.

पुढे मला एका मिस्त्रीने विकत घेतले. तो छपरांचा सुतार होता. लाकडी घरांच्या तुळया, वासे, फळ्या, सगळे त्याच्या हाताखालून जायचे. त्याची बायको पूर्वीच वारली होती. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासोबत तो राहायचा. तीन खोल्यांचे घर, आणि मागच्या अंगाला पत्र्याची कार्यशाळा. धाकटा त्याच्याच हाताखाली काम शिकलेला. भावजय पुढच्या खोलीत बसून पडदे शिवायची. तिच्या मशीनची टकटक आणि मागच्या खोलीतला रंधा, असा दोन्हीकडून आवाज चालायचा.

मिस्त्रीसारखा मालक मिळणे हे माझे भाग्य. रोज संध्याकाळी तो माझे झाकण उघडायचा. खिळ्यांच्या पट्टीचा कागद आणि डिंक यांचा भुगा माझ्या पन्हळीत साचतो, तो दात घासायच्या जुन्या ब्रशने झाडून काढायचा. मग फडक्याला तेलाचा एकच थेंब.

"दादा, आता त्याला अंगाई पण म्हण," धाकटा चेष्टा करायचा.

"पोटात घाण राहिली की माणूसदेखील नीट चालत नाही," मिस्त्री म्हणायचा. "काल तुला वांती झाली ते विसरलास वाटतं?"

त्यावर पुढच्या खोलीतून भावजय खळखळून हसायची.

ती चार वर्षे चांगली गेली. आम्ही ओळीने घरे उभी केली. मिस्त्री छपरावर बसून नाकाड टेकवायचा, दणका द्यायचा, वीतभर पुढे सरकायचा, पुन्हा दणका. मी एकदाही चुकलो नाही. दुसरे सुतार काम थांबवून बघत. "तुझ्या बंदुकीला काय खायला घालतोस?" असे विचारत. मिस्त्री नुसता ब्रश दाखवायचा.

मग त्याच्या हाताला काहीतरी झाले.

मला ते सगळ्यांच्या आधी समजले. पूर्वी नवी पट्टी तो न बघता माझ्या तोंडात सरकवायचा. आता पट्टी माझ्या कडेवर खटखट वाजू लागली. एकदा चुकायची, दोनदा चुकायची, तिसऱ्यांदा आत जायची. स्प्रिंग मागे ओढताना त्याचा अंगठा निसटायचा. मला वाटले, थंडी असेल. पण थंडी गेली, तरी खटखट राहिली.

घरात कुणी त्याबद्दल बोलले नाही. फक्त भावजय त्याच्या कपात चहा अर्धाच ओतू लागली. तो संपला की न विचारता उरलेला अर्धा ओतायची. धाकट्याने मात्र एकदा कार्यशाळेत विषय काढला.

"दादा, डॉक्टरला दाखवून येऊ या का?"

"कशाला?"

"हाताला."

"झोप कमी पडते."

"तीन महिने?"

"तू ती फळी रंध आधी. वाकडी आहे."

फळी वाकडी नव्हती. धाकट्याने तरीही ती रंधली.

त्याच सुमारास आम्हाला एका शाळेच्या छपराचे मोठे काम मिळाले. तिथला मुकादम वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही, पण घाईने त्याचे डोके फिरले होते. दर दोन वाक्यांत एकदा तो "चला, चला" म्हणायचा, म्हणून त्याच्यामागे सगळे त्याला चलाचलाच म्हणत. शाळा सुरू व्हायच्या आत छप्पर पुरे व्हायला हवे होते. तो खाली अंगणात उभा राहून मान वर करून प्रत्येकावर नजर ठेवायचा.

माझा दात लागला की बंदूक अडायची. मिस्त्रीला पटकन कळायचे नाही की मी अडवले आहे की त्याचा हात कमी पडतो आहे. तो नाकाड दाबत राहायचा. दाबता दाबता हात कोपरापर्यंत थरथरायचा. मग छपराच्या कण्यावर बसून तो नवी पट्टी भरायला घ्यायचा, आणि खटखट, खटखट. खालून सगळे बघत असायचे.

एक दिवस मुकादम ओरडला, "काय मिस्त्री, वर बसून सुई ओवताय का? हात चालत नसतील तर सांगा. दुसरे हात मिळतात. चला, चला!"

चार माणसे हसली. मिस्त्रीने मान वर केली नाही. शिडीवर उभा असलेला धाकटा मात्र हसला नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मिस्त्री बाहेर गेला होता. धाकट्याने मला बंदुकीतून सुटे केले, टेबलाच्या शेगड्यात घट्ट आवळले आणि कानस घेतली. मला आधी कळेना तो काय करतोय. मग कानस दातावर आली. तो सावकाश, एका दिशेने घासत होता, जसे त्याला भावाने शिकवले होते. दाताच्या जागी एक गुळगुळीत उतार उरला.

भावजय दारात येऊन उभी राहिली. "काय करताय?"

"हे मध्येच अडतं. काढून टाकतोय. मग शेवटच्या खिळ्यापर्यंत चालेल, आणि रिकामा आवाज आला की संपली म्हणून समजायचं. दादाने खाली द्यायची, मी शिडीवर भरून वर द्यायची. कुणाला काही दिसायला नको."

"दादांना विचारलंत?"

"दादासाठीच करतोय."

"तो दात कशाला तरी असेल ना?"

धाकट्याने दातावरचा कीस फुंकरीने उडवला. मग म्हणाला, "असेल. पण दादाला छपरावरून उतरवलं तर तो जगायचा नाही गं."

ती आणखी काही बोलणार होती. पण पुढच्या खोलीत निघून गेली. मशीनची टकटक पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीने नेहमीसारखे माझे झाकण उघडले. ब्रश दातापाशी आला आणि थांबला. त्याने मला उजेडात धरले. घासलेली जागा नव्या नाण्यासारखी चमकत होती. त्याने मान वळवून धाकट्याकडे पाहिले. धाकटा मोरीपाशी पाठमोरा हात धूत होता, जरा जास्तच वेळ धूत होता. मिस्त्रीचे ओठ हलले. मी वाट पाहिली. आता तो रागावेल, उद्याच नवा सुटा भाग आणेल, असे मला वाटले.

त्याने झाकण लावून टाकले.

मित्रांनो, त्या दिवसापासून त्याने मला साफ करणे सोडले. कंटाळा नव्हता तो. झाकण उघडले की ती घासलेली जागा दिसायची, आणि ती दिसली की बोलावे लागले असते. म्हणून तो उघडायचाच नाही. बाहेरून फडके फिरवायचा आणि ठेवून द्यायचा. माझ्या पन्हळीत कागदाचा भुगा साचू लागला. डिंकाचे चिकट थर बसू लागले. खिळे सरकायचे, पण घासत सरकायचे.

काम मात्र जोरात निघाले. मिस्त्री वर, धाकटा शिडीवर. रिकामा आवाज आला की बंदूक खाली, भरली की वर. मुकादमाने एकदा "आता कसं" असे म्हणून दादही दिली. तीन आठवडे असे गेले.

त्या दिवशी दुपारचे जेवण होऊन काम पुन्हा सुरू झाले होते. छपराच्या खालच्या कडेची फळी चालू होती. पट्टीतला शेवटचा खिळा उरला होता. एवढे खिळे कमी झाल्यावर पूर्वी मी केव्हाच दात लावला असता. तो खिळा भुग्यात तिरका झाला आणि पन्हळीत रुतला. मी त्याला ओढत होतो. स्प्रिंग ताणून ओढत होतो. तो हलेना. इकडे मिस्त्रीने नाकाड टेकवले आणि घोडा दाबला. दट्ट्यापुढे काहीच नव्हते. पोकळ आवाज झाला.

"संपली रे," मिस्त्री म्हणाला.

"दे," धाकटा म्हणाला.

त्या पोकळ दणक्याच्या हादऱ्याने डिंक सुटला. रुतलेला खिळा मोकळा झाला, सरळ झाला, आणि मी त्याला त्याच्या जागी नेऊन उभा केला. माझे कामच ते. बाहेर कुणाला काही ऐकू आले नाही.

हात थरथरतो म्हणून मिस्त्री बंदूक मुठीत गच्च धरायचा, सगळी बोटे आवळून. घोड्यावरचे बोटही. तो कडेवर वाकला आणि त्याने बंदूक खाली धरली, नाकाड खालच्या बाजूला. धाकट्याने हात वर केला आणि एक पायरी वर चढला. त्याची छाती नाकाडाला टेकली. नाकाड आत गेले. अडवायला माझ्याकडे काही नव्हते.

दणका झाला.

धाकटा ओरडला नाही. त्याने मान वर करून भावाकडे बघितले आणि नवल वाटल्यासारखा म्हणाला, "दादा, भरलेली होती की रे."

मग तो स्वतःच्या पायांनी पाच पायऱ्या उतरला आणि फळ्यांच्या थप्पीला टेकून बसला. मिस्त्री कसा खाली आला ते मला माहीत नाही. मी छपराच्या कडेवर पडून होतो, तिथून फक्त आवाज येत होते. गाडी बोलवा. पाणी देऊ नका. त्याला आडवा करू नका. मुकादमाचा आवाज सगळ्यांत वर होता, आणि तो पहिल्यांदाच "थांबा, थांबा" म्हणत होता. गाडी दवाखान्यात पोहोचायच्या आधी धाकटा गेला.

मला एका पिशवीत घालून चिठ्ठी बांधली गेली. यंत्रांची तपासणी करणाऱ्या बाईंच्या कचेरीत मी दीड महिना कपाटात होतो. त्या बाई प्रौढ होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी मला उघडले, आत साचलेला भुगा चिमट्याने काढून कागदावर ठेवला, घासलेल्या दाताला भिंगातून पाहिले आणि मग वही ओढली.

मग एक दिवस सगळ्यांना बोलावणे गेले. टेबलावर मी. एका बाजूला मुकादम. समोर भावजय. दाराजवळच्या खुर्चीत मिस्त्री, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला.

मुकादम म्हणाला, "बाई, हे धाकट्यानेच घासलं. त्याच्याकडे कायम कानस असायची. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या हाताने केलं, आता दोष कुणाला देणार?"

बाईंनी भावजयीला विचारले, "तुम्हाला याबद्दल काही माहीत होतं?"

"हो," ती म्हणाली. "त्यांनीच घासलं. मी दारात उभी होते."

बाईंनी कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की मृत कामगाराने यंत्रात स्वतः बदल केला, आणि त्याच कारणाने अपघात झाला. खाली सहीची जागा होती. तिने पेन उचलले आणि खाली ठेवले.

"यात खोटं काही नाही," ती म्हणाली. "पण हे वाचून माझा नवरा मूर्ख होता असं वाटतं. त्यांनी का घासलं, ते यात कुठं आहे?"

"का घासलं?" बाईंनी विचारले.

ती उत्तर द्यायच्या ऐवजी दाराकडे बघू लागली.

मिस्त्री उठला. टेबलापाशी आला. "एक पट्टी देता का?" तो म्हणाला. "गॅस काढलाय ना तिच्यातला?"

"काढलाय."

बाईंनी खिळ्यांची पट्टी पुढे केली. मिस्त्रीने मला एका हातात धरले आणि दुसऱ्या हाताने पट्टी माझ्या तोंडाशी आणली. खटखट. पुन्हा खटखट. त्याने श्वास रोखला. पट्टी वाकली, तुटली, आणि खिळे टेबलावर, जमिनीवर, मुकादमाच्या बुटांपर्यंत उधळले.

"हे असं सहा महिने आहे," मिस्त्री म्हणाला. "मी कुणाला सांगितलं नाही. भाऊ म्हणाला डॉक्टरकडे चल, मी त्याला फळी रंधायला लावली. माझं कुणाला दिसू नये म्हणून त्याने हा दात घासला. दुसऱ्याच दिवशी मला ते दिसलं. तीस वर्षं काम केलंय, दात कशासाठी असतो ते मला कळत नव्हतं असं नाही. मी झाकण लावून टाकलं. पुन्हा उघडलंच नाही. त्या भुग्यात खिळा अडकला, आणि बोट माझं होतं. हे सगळं लिहा."

मुकादम खाली वाकून खिळे वेचू लागला. वेचता वेचता म्हणाला, "मीपण एक बोललो होतो. सुई ओवण्याचं. चारचौघांत." त्याने मान वर केली नाही. "तेही लिहा हवं तर."

बाईंनी लिहिले. पहिला कागद फाडला गेला. नव्या कागदावर चौघांचीही नावे आली, कुणाचे काय चुकले ते आले, कुणी काय दडवले तेही आले. भावजयीने दोनदा वाचून सही केली.

आता सगळे ठीक झाले, असे तुम्हाला वाटेल. नाही झाले. मिस्त्रीला पुन्हा छपरावर चढायची परवानगी मिळाली नाही, आणि त्याने ती मागितलीही नाही. बंदूक परत नेता का असे बाईंनी विचारले तेव्हा त्याने नुसते हात जोडले. भावजय दाराशी त्याच्याजवळ थांबली. "दादा, तुम्ही बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली. "मीही त्या दिवशी बोलायला हवं होतं. पण आता तुमच्यासमोर ताट वाढायला माझा हात होत नाही. मी ताईकडे जाते." तो "बरं" म्हणाला. दोघे वेगवेगळ्या दिशांनी गेले.

नंतर एकदाच ती कचेरीत आली. मला बघायचे आहे म्हणाली. बाईंनी मला तिच्या हातात दिले. तिने पदराच्या काठावरून फिरवावा तसा अंगठा त्या घासलेल्या जागेवरून फिरवला. "किती नीट घासलंय," ती म्हणाली. "एक ओरखडा नाही. हातचं राखून काही करायचेच नाहीत." आणि ती तिथेच, परक्या कचेरीत, उभ्या उभ्या रडली.

आज मी कामगारांना शिकवण्याच्या एका खोलीत आहे. माझ्यात खिळे नाहीत, माझी स्प्रिंग सैल पडली आहे. दर महिन्याला नवी माणसे येतात, त्याच बाई मला त्यांच्या हातांतून फिरवतात आणि काय घडले ते सांगतात. बहुतेक जण मला उलटेसुलटे बघून पुढे देतात. मी रागावत नाही.

मित्रांनो, जे यंत्र तुम्हाला अडवते, त्याच्यावर चिडू नका. ते का अडवते ते आधी विचारा. रोज त्याचे झाकण उघडा, साफ करा. पण नुसती यंत्रे साफ ठेवून भागत नाही, हे मी माझ्या डोळ्यांसमोर पाहिले. तिघे एका घरात राहत होते, एकमेकांवर जीव टाकत होते, आणि तिघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकानेही मोठ्याने उच्चारली नाही. तुमच्या माणसाचा हात थरथरताना दिसला तर कप अर्धा भरून थांबू नका. त्याच्याजवळ बसा. आणि हात तुमचा असेल, तर मान वर करून सांगा. लाज चार दिवस वाटते. खिळा लागला की तो परत काढता येत नाही.

मागच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर एक बाई मागे रेंगाळली. चाळिशीची असेल, विटांच्या कामावरची. सगळे गेल्याची खात्री करून ती शिकवणाऱ्या बाईंना म्हणाली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. शिडीखालून कुणी हाक मारली तर कळत नाही मला."

बाईंनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली, स्वतःची तिच्या उजव्या बाजूला.

"बसा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा."